भंगारातून एएस/४०० घरी आणलंय, आता पुढे काय?

भंगारसम्राट (धागाकर्ता) | रवि, रात्री ११:४०

मंडळी, गेल्या बुधवारी भोसरीत एका भंगारवाल्याकडे जुना यूपीएस बघायला गेलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये मागे, दोन लेथच्या चिपाडांच्या पोत्यांमागे एक काळा टॉवर उभा दिसला. धूळ पुसली तर एएस/४००ई, मॉडेल १७०, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणारा आयबीएमचा जुना कॉम्प्युटर. मला हसू आवरेना. अकरा वर्षं मी हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कुठल्यातरी विमा कंपनीच्या याच जातीच्या मशीनवर आरपीजी या भाषेत प्रोग्राम लिहितोय, पण मशीन डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे नवऱ्याशी अकरा वर्षं फोनवरच संसार.

भंगारवाल्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने वजनकाट्यावर चढवलं, मी तोंड वाकडं केलं, शेवटी ४,२०० ला ठरलं. त्यात एक जुनं ट्यूबवालं टर्मिनल, त्याचा १२२ बटणांचा कीबोर्ड आणि एक जाडजूड केबल फुकट. रिक्षावाल्याने दोन सीटचे पैसे घेतले.

घरी आणून पुसलं, आतली धूळ ब्लोअरने काढली (बाल्कनीत, शेजारच्यांची माफी मागून) आणि प्लग लावला. पुढच्या छोट्या पट्टीवर '०१ बी एन' असं उमटलं. पांढरं बटण दाबल्यावर पंखे विमान उडाल्यासारखे घोंघावले आणि पट्टीवर एकामागून एक कोड पळायला लागले. आधी सी६ ने सुरू होणारे, मग बऱ्याच वेळाने ए६ वर येऊन अडकलं. टर्मिनलचा पडदा काळाच. अर्धा तास पुतळ्यासारखा बसलो होतो.

प्रश्न तीन. एक, टर्मिनलवर काही का येत नाही? दोन, आधीच्या मालकाचा पासवर्ड माहीत नाही, तर आत कसं जायचं? तीन, हे सगळं करण्यात अर्थ आहे का, की बायको म्हणते तेच खरं?

(रोमन टाइप करायचा कंटाळा आहे, त्यामुळे कमांड बोलतो तशाच देवनागरीत लिहितोय. समजून घ्या.)

---

कोकणी मांजर | रवि, रात्री ११:५२

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका राव. वहिनींचं मत आधी कळवा, म्हणजे तिसरा प्रश्न सुटेल.

---

साशंक | सोम, सकाळी ८:१५

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

शिकायचंच असेल तर पब४०० नावाचा जर्मनीतून चालणारा सर्व्हर आहे. मोफत खातं मिळतं, आयबीएम आय (या जातीच्या मशीनची आजची ऑपरेटिंग सिस्टिम) ची अलीकडची आवृत्ती आहे, आरपीजी, कोबोल, सीएल (मशीनला हुकूम द्यायची भाषा), एसक्यूएल सगळं करता येतं. व्हीएस कोड या एडिटरला त्यासाठीचं एक्स्टेन्शनही आहे. तुमचं १७० हे १९९८ सालचं मशीन. त्यावर तुम्ही सहाव्या कॉलममध्ये 'सी' टाकून, बोटं मोजत आरपीजी लिहाल. बाहेर लोक 'डबल स्टार फ्री' लिहून पहिल्या कॉलमपासून मोकळं लिहितात. जुनं शिकण्यासाठी वीज जाळायची हे मला पटत नाही.

आणि विजेचं म्हणाल तर, २०० वॅट धरा, चोवीस तास, तीस दिवस: १४४ युनिट. महावितरणचा वरचा स्लॅब लागेल तो वेगळाच.

---

खिडकीतला | सोम, सकाळी ९:०२

साशंक यांच्याशी सहमत. पण साशंक यांनी स्वतःच्या घरातल्या तीन ग्रामोफोनबद्दल पण बोलावं. :)

---

निवृत्त ऑपरेटर | सोम, दुपारी २:३०

भंगारसम्राट, जेवून बसलो आणि तुमचा धागा दिसला. झोप उडाली.

मी डोंबिवलीकर. १९९४ पासून एका कारखान्याच्या मुंबईतल्या ऑफिसात एएस/४०० वर ऑपरेटर होतो, शेवटी शेवटी सिस्टिम ॲडमिन म्हणत. त्याआधी युनिक्सची मिनी (मध्यम आकाराचा कॉम्प्युटर) होती. आयबीएम १९७८ ला फेरा (परकीय चलनाच्या) कायद्यामुळे देशातून गेली होती, त्यांच्या मागे राहिलेल्या मशीनची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीवाले करायचे. १९९२ ला टाटांबरोबर परत आली, त्यानंतर एएस/४०० इकडच्या ऑफिसांतून दिसायला लागलं. तिकडे ते १९८८ च्या जूनमध्येच बाहेर पडलं होतं, मिनेसोटातल्या रोचेस्टरमधून. म्हणजे आपल्याला पंगत उठता उठता पान मिळालं.

आता तुमचं टर्मिनल. ती जाड केबल म्हणजे ट्विनॅक्स. मशीनच्या मागून एक छोटी शेपटी निघते, तिला आठ तोंडांची वीट जोडलेली असते. प्रत्येक तोंडावर, म्हणजे पोर्टवर, सात यंत्रं एकामागे एक जोडता येतात, पत्ते ० ते ६. कन्सोल, म्हणजे मुख्य टर्मिनल, असायला हवं पोर्ट शून्यावर आणि पत्ताही शून्य. तुम्ही केबल तिसऱ्या तोंडात खोचली असेल किंवा टर्मिनलचा पत्ता दुसराच असेल. टर्मिनलच्या सेटअपमध्ये जाऊन पत्ता बघा. मशीन कन्सोलला हाका मारतंय आणि कोणी 'ओ' देत नाही, म्हणून ते ए६ वर ताटकळलंय. मशीन बिघडलेलं नाही.

पासवर्डचं नंतर. आधी पडदा उजळू दे.

अजून एक. आजच एक दोनशे पानी वही आणा. तारीख, वेळ, काय केलं, पट्टीवर काय कोड आला. आमच्याकडे रजिस्टर न भरता कोणी पांढऱ्या बटणाला हात लावत नसे.

---

शॉर्टसर्किट | सोम, संध्या. ७:१०

सांगलीहून नमस्कार. मला एएस/४०० मधलं ओ की ठो कळत नाही, पण विजेचं कळतं.

१) अर्थिंग तपासा. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसरी पिन नुसती शोभेची. मल्टिमीटरने फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल दोन्ही मोजा, जवळपास सारखे आले पाहिजेत.
२) घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे लावू नका. प्युअर साइनवेव्ह हवा.
३) वीस वर्षं बंद पडलेल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत का बघा. पण उघडलात तर बंद केल्यावरही लगेच हात घालू नका, आत चार्ज असतो. आणि ट्यूबचं टर्मिनल तर मुळीच उघडू नका.

---

एडिसनची मावशी | सोम, रात्री १०:४८

माझी इकडे दुपार आहे, चहा घेता घेता वाचतेय. १९९८ ला वाय-टू-के (वर्ष २००० ची तारखांची अडचण) च्या लाटेत पुण्याहून न्यू जर्सीला आले ती आरपीजीवर. अजून त्याच कामावर आहे, केस तेवढे पांढरे झाले.

साशंक, तुम्ही जुनं म्हणता त्यातली एक गंमत सांगते. १९९५ मध्ये यांनी प्रोसेसर मुळापासून बदलला. आधीचं ४८ बिटांचं, नंतरचं ६४ बिटांचं पॉवरपीसी. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हे केलं तर सगळे प्रोग्राम नव्याने कंपाईल करा, सोर्स शोधा, बोंबाबोंब. इथे प्रोग्राम थेट प्रोसेसरच्या भाषेत बांधलेला नसतोच. मध्ये एक कल्पित मशीन असतं, त्याच्या भाषेत असतो. नव्या मशीनवर चढवल्यावर ते त्याचं स्वतःच भाषांतर करून घेतं. माझ्या पहिल्या क्लायंटकडे १९८९ चा एक प्रोग्राम होता, सोर्स कोणाकडे नाही, लिहिणारा माणूस निवृत्त होऊन फ्लोरिडाला. तो प्रोग्राम नव्या मशीनवर चालला. ज्या प्रोग्राममधून जागा वाचवायला ती मधली माहिती काढून टाकली होती ते मात्र मेले.

आणि वाय-टू-के वाल्यांसाठी: दोन आकडी वर्ष ४० ते ९९ असेल तर मशीन १९ धरतं, ०० ते ३९ असेल तर २०. म्हणजे २०३९ पर्यंतची बेगमी. नंतरचं नंतरचे बघतील, मी नसेन.

सम्राटभाऊ, नक्की करा हे. पण भाषा शिकायला नको. भाषा तुम्हाला येते.

---

पंचकार्ड | मंगळ, सकाळी ७:३५

थोडं अवांतर. मी मेनफ्रेमवाला. आमच्याकडे हर्क्युलीस नावाचा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे, त्यावर एमव्हीएस ३.८ ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम कायदेशीररीत्या घरी चालवता येतं. व्हॅक्स, पीडीपी-११ या जुन्या मिनींसाठी सिमएच नावाचा एम्युलेटर आहे. रास्पबेरी पाय नावाच्या एका तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर मी १९७० च्या दशकातलं अख्खं कॉम्प्युटर सेंटर चालवतो, आवाज शून्य, बिल शून्य.

एएस/४०० चा मात्र घरी चालेल असा एम्युलेटर नाही. आत काय चालतं ते आयबीएमने कधी उघडं केलं नाही. छंदवाल्यांसाठी परवानाही नाही. व्हीएमएसवाल्यांना (ती व्हॅक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) निदान वर्षानुवर्षं मोफत परवाने मिळायचे, एचपीईने ते बंद केल्यावर त्यांचीही पंचाईत झाली. म्हणून एएस/४०० हवं तर लोखंडच आणावं लागतं. सम्राटांचं भंगार त्यामुळे क्षम्य.

---

भंगारसम्राट | मंगळ, रात्री १२:२०

आलं! पडदा उजळला!!

निवृत्त ऑपरेटर काका, साष्टांग नमस्कार. केबल पोर्ट शून्यावरच होती, पण टर्मिनलचा पत्ता १ होता. शून्य केला, मशीन बंद करून परत सुरू केलं. पट्टीवर सी६ गेले, सी९ आले, साधारण चाळीस मिनिटांनी हिरव्या अक्षरांत साइन-ऑनचा पडदा. सिस्टिमचं नाव एस आणि पुढे सीरियल नंबर, म्हणजे आधीच्या मालकाने नावही ठेवलं नव्हतं बिचाऱ्याचं. मुलगा (वय ९) झोपेतून उठून आला, बघून म्हणाला, "बाबा, यात माउस कुठाय?"

आणि तो कीबोर्ड! वर फंक्शन कीच्या दोन रांगा, एफ१ ते एफ२४. ऑफिसात एफ१३ साठी शिफ्ट दाबून एफ१ करतो, इथे खरंखुरं एफ१३ आहे. 'फील्ड एक्झिट' चं वेगळं बटण आहे. आकड्यांच्या रकान्यात एंटर का चालत नाही आणि फील्ड एक्झिट का लागतं हे अकरा वर्षं पाठ केलं होतं. या बटणावर अंगठा पडल्यावर आकडा सरकून उजवीकडे जाऊन बसला, तेव्हा ते डोक्यात बसलं. हिशेबनीस बाई न बघता या बटणावरून हात फिरवत असणार.

काका, आता पासवर्ड?

---

निवृत्त ऑपरेटर | बुध, सकाळी ६:०५

अभिनंदन. मला कळवायला फोन करायला हवा होता असं वाटून गेलं, मग आठवलं आपण एकमेकांना ओळखत नाही.

पट्टीवरून मोड बदलून मॅन्युअल करा, 'बी एन' चं 'बी एम' व्हायला हवं. मग चालू करा. साइन-ऑनऐवजी एक मेनू येईल: आयपीएल (मशीन सुरू करणं) करा, ऑपरेटिंग सिस्टिम टाका, किंवा डीएसटी वापरा. डीएसटी म्हणजे सर्व्हिसवाल्यांचं मागचं दार. त्याचा पासवर्ड ऑपरेटिंग सिस्टिमच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी कोणी तो बदलत नसे. कारखान्यातून आला तसा असेल तर 'क्यू-सेक-ऑफिसर' (सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) ला तोच शब्द पासवर्ड. आत ऑपरेटिंग सिस्टिमचा पासवर्ड मूळपदावर आणायचा पर्याय सापडेल.

आमच्या आधीच्या मशीनला पट्टीशेजारी खरी चावी होती. मॅन्युअलला न्यायचं तर चावी लागे आणि चावी मॅनेजरच्या कपाटात. एकदा ते लग्नाला कोल्हापूरला गेले, चावी खिशात. महिनाअखेर होती. पुढचं सांगत नाही.

आत गेल्यावर पहिलं काम: मॅन्युअलवरून परत नॉर्मलला आणा. दुसरं: तारीख बरोबर आहे का बघा. तिसरं: कशालाही हात लावायच्या आधी लायसन्स की चा पडदा बघा आणि सगळ्या की वहीत हाताने उतरवून घ्या. प्रत्येक की तुमच्या मशीनच्या सीरियल नंबरला बांधलेली असते. त्या गेल्या तर सत्तर दिवस सवलत, मग राम.

---

भंगारसम्राट | गुरु, रात्री ११:५५

गेलो आत. आणि आत जाऊन बसलोय विचार करत.

डीएसटीचा पासवर्ड कारखान्यातलाच होता. क्यू-सेक-ऑफिसरने साइन-ऑन केलं, 'वर्क-अ‍ॅक्ट-जॉब' मारलं. चालू कामांची यादी आली. इतकं शांत मशीन मी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात त्या पडद्यावर जॉबची पानंच्या पानं असतात, इथे क्यूसीटीएल (कन्सोलची कामं चालतात तो विभाग) मध्ये एकटा मी.

मग लायब्ररींची (फाइली आणि प्रोग्राम ठेवायच्या कप्प्यांची) यादी काढली. आधीचा मालक म्हणजे एक छोटा कारखाना, नाव सांगत नाही. स्टोअर्स, डिस्पॅच आणि पेरोल. पेरोल लायब्ररी उघडली, एक फाइल बघितली, आणि तिथेच थांबलो. माणसांची नावं, मूळ पगार, कापलेला पीएफ, कोणाचं किती कर्ज. २००७ पर्यंतचं सगळं. मशीन किलोच्या भावाने विकलं आणि हे आत तसंच.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या बँकेने टाकलेलं मशीनही कोणाच्यातरी घरी असेल." तिला मी उत्तर देऊ शकलो नाही.

---

साशंक | शुक्र, सकाळी ८:०५

या एका मुद्द्यावर मी पूर्ण गंभीर आहे. ती लायब्ररी काढून टाका, आजच. 'शिकायला खराखुरा डेटा मिळाला' असा मोह होईल, करू नका.

शिवाय परवान्याचं बघा. मशीन विकत घेतलं म्हणजे आतली ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपायलर आपोआप आपले झाले असं धरून चालू नका. घरी चार भिंतींत शिकताय तोवर कोणी दारात येणार नाही, पण त्यावर धंदा किंवा क्लास सुरू करू नका.

---

खिडकीतला | शुक्र, सकाळी ८:४०

लायब्ररी डिलीट केली तरी डिस्कवर राहतंच की. डिस्क काढून ती एक फोडा ना, बाकीच्या वापरा.

---

एडिसनची मावशी | शुक्र, संध्या. ५:२०

खिडकीतले, इथेच हे मशीन पीसीपेक्षा वेगळं आहे. यात सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नाही. मेमरी आणि सगळ्या डिस्क मिळून एकच सलग पत्त्यांचं गाव. कुठली वस्तू कुठल्या डिस्कवर हे प्रोग्रामरला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मशीन एकच फाइल तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरून ठेवतं, म्हणजे वाचताना सगळ्या हातांनी वाचता येते. ही कल्पना एएस/४०० च्याही आधीची, सिस्टिम/३८ मधली. फ्रँक सॉल्टिस हे तिचे मुख्य शिल्पकार.

त्यामुळे 'पेरोलची डिस्क' अशी वेगळी नसते. एक डिस्क उपसलीत, आणि पॅरिटीचं संरक्षण (एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा उभा करायची सोय) नसेल, तर पेरोलबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमही गेली.

आधी लायब्ररी काढा. मग जमेल तेव्हा सीडीवरून सगळं कोरं करून नव्याने चढवा.

---

निवृत्त ऑपरेटर | शुक्र, रात्री ८:१५

मावशी बरोबर सांगताहेत. फक्त एक सावधगिरी: कोणीतरी सुचवेल की रिकामी जागा कचरा फाइलने भरून टाका म्हणजे जुनं पुसलं जाईल. पीसीवर करतात तसं. इथे डिस्क शंभर टक्के भरली की मशीन आडवं होतं. ९० च्या वर गेलं की आमचा घसा कोरडा पडायचा.

---

भंगारसम्राट | रवि, दुपारी ४:३०

पेरोल, स्टोअर्स, डिस्पॅच, तिन्ही लायब्ररी काढल्या. यूजर प्रोफाइलही काढली. एका प्रोफाइलच्या वर्णनात 'कँटीन' लिहिलं होतं. कँटीनला टर्मिनल होतं म्हणजे! कूपनं काढत असतील.

काढताना एक शिकलो. एक प्रोफाइल निघेना, कारण काही वस्तू त्याच्या मालकीच्या. आधी मालकी दुसऱ्याकडे द्या किंवा वस्तू मोडा, मग माणूस काढा. ऑफिसात हे काम सिक्युरिटी टीमचं, आम्ही तिकीट टाकतो आणि 'तीन दिवस का लागतात' म्हणून कुरकुरतो. पुढच्या वेळी कुरकुरणार नाही, निदान मोठ्याने नाही.

मग स्वतःची लायब्ररी केली. मुलाच्या क्रिकेटच्या धावांची फाइल: डीडीएस (रकान्यांचं वर्णन) लिहून फिजिकल फाइल, म्हणजे खरा डेटा; त्यावर धावांच्या उतरत्या क्रमाने लॉजिकल फाइल, म्हणजे त्याच डेटाकडे बघायची वेगळी खिडकी. त्याला पडदा आवडला नाही, पण सरासरी आवडली.

आणि आता वाईट बातमी. मघाशी क्यू-सिस-ऑपर च्या (ऑपरेटरसाठीच्या निरोपांच्या) रांगेत मेसेज आला. 'वर्क-डिस्क-स्टेटस' बघितलं तर चारपैकी एक डिस्क गेली आहे, पॅरिटीमुळे मशीन चालू आहे पण स्थिती 'डिग्रेडेड'. लॅमिंग्टन रोडला तसल्याच स्कझी जोडणीच्या डिस्क दिसल्या होत्या एकदा. घालू का?

---

पंचकार्ड | रवि, संध्या. ६:५०

थेट चालणार नाही. पीसीची डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा). एएस/४०० ला ५२० चे लागतात, वरच्या आठ बाइटमध्ये त्याची स्वतःची खूण असते. लिनक्सवर एका टूलने ५२० ला फॉर्मॅट करता येतं.

---

निवृत्त ऑपरेटर | रवि, रात्री ९:००

नुसतं ५२० करून भागत नाही हो. डिस्कने स्वतःची ओळख त्या मशीनला पटेल अशी द्यावी लागते. याच मशीनमधून निघालेली डिस्कच शोधा. त्याच भंगारवाल्याकडे परत जा, भाऊ असेल तिचा एखादा.

त्याआधी बॅकअप. 'गो सेव्ह', ऑप्शन २१, संपूर्ण सिस्टिम. टेप ड्राइव्ह आहे ना?

---

भंगारसम्राट | रवि, रात्री ११:१०

टेप ड्राइव्ह आहे. तोंड उघडून टॉर्चने बघितलं तर आतल्या रबरी रोलरचा काकवीसारखा चिकट लगदा झालाय. बोटाला लागला तो तीनदा साबण लावूनही जाईना. टेप घातली असती तर तिचंही वाटोळं झालं असतं.

तूर्त माझी लायब्ररी सेव्ह फाइलमध्ये घेतली आणि एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची पद्धत) लॅपटॉपवर उतरवली. बायनरी मोड विसरलो होतो, पहिली प्रत फुकट गेली. मुलाच्या धावा सुरक्षित. बाकी मशीन एका पायावर उभं.

साशंक, तुमच्या सल्ल्यावर विचार केला. पब४०० वर खातं काढलंय, आरपीजी तिथेच लिहिणार, खरंच बरं आहे. पण तिथे मी यूजर. इथे डिस्क गेली तर मेसेज मला येतो.

---

साशंक | सोम, सकाळी ८:२०

हा मुद्दा मान्य. बिलाचा मुद्दा कायम.

---

भंगारसम्राट | सोम, सकाळी ८:३१

बिलासाठी: प्लगला मीटर लावला, २१० वॅट खातंय. चोवीस तास नाही, फक्त रविवारी सकाळी नऊ ते एक चालवणार. महिन्याला चार युनिटच्या आत. पंख्यांच्या आवाजामुळे त्या वेळेत बायको मंडईत जाते.

---

कोकणी मांजर | सोम, सकाळी ९:१५

म्हणजे महिन्यात चार मंडया. भाजीचा खर्च पकडा.

---

एडिसनची मावशी | सोम, रात्री ९:४०

तुम्ही भंगारवाल्याकडे जाल तेव्हा टेपची कार्ट्रिजंही बघा, पण त्यांतला डेटा वाचू नका. माझ्या तळघरात एक ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडींचा खोका असावा, शोधते. परवान्याचं मात्र साशंक म्हणाले तसं, आधी नीट वाचून मगच.

---

भंगारसम्राट | रवि, दुपारी १:२५

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. बाकीचा ढिगारा गेल्याच आठवड्यात ट्रकने गेला. डिस्क नाही. तो म्हणतो, "साहेब, तुम्ही तेव्हाच सगळं घ्यायचं होतं."

काका, वही आणली आहे. आजचं पान उतरवतोय, चूक असेल तर सांगा:

९:१२ पांढरं बटण. मोड नॉर्मल, बी.
९:१३ सी६ सुरू.
९:३१ सी९ सुरू.
९:५० साइन-ऑन.
९:५२ डिस्क बघितल्या. तीन ठीक, एक गेलेली. मागच्या रविवारसारखंच.
१०:०५ ते १२:३० लॉजिकल फाइलवर सीएल प्रोग्राम. दोनदा चुकला.
१२:४० लायब्ररी सेव्ह फाइलमध्ये, एफटीपी, बायनरी.
१२:५१ पॉवर-डाउन-सिस.
१:०४ पंखे थांबले.

---

निवृत्त ऑपरेटर | रवि, दुपारी ३:१०

पान चांगलं आहे. 'दोनदा चुकला' लिहिलंत ते विशेष चांगलं, आमच्याकडे कोणी लिहीत नसे.

एक विचारतो. या वेळा भिंतीवरच्या घड्याळाच्या की सिस्टिमच्या?

---

भंगारसम्राट | रवि, दुपारी ३:१४

भिंतीवरच्या.

---

निवृत्त ऑपरेटर | रवि, दुपारी ३:२२

दोन्ही लिहा, शेजारी शेजारी. नंतर 'डिस्प-लॉग' मध्ये (मशीनच्या स्वतःच्या नोंदवहीत) शोधाल तेव्हा सिस्टिमचीच वेळ लागते, आणि तुमच्या मशीनची बॅटरी जुनी आहे.